जिभेखाली गोळी असताना आलेली हाक

मी लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल प्लँटमध्ये बारा वर्षं काढलेला माणूस. कुठला व्हॉल्व्ह गळतोय ते नुसत्या वासावरून सांगायचो. भूतबित म्हटलं की मला हसूच यायचं, आणि गावात कुणी तसला विषय काढला की पहिली टिंगल माझी... त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय. तरी लिहितो.

ड्रम उचलताना कंबर धरली, तेव्हापासून दुखण्याच्या गोळ्या, मग इंजेक्शनं, मग त्याहून वाईट. सोबतीला दिलीप — माझ्याच शिफ्टचा, माझ्याच खोलीत राहणारा. मी मंडणगडचा म्हणून तो मला ‘मंडण्या’ म्हणायचा. दुसरं कुणीच नाही. मागच्या वर्षी तो ओव्हरडोसने गेला, खोलीत एकटाच. मी तेव्हा गावी होतो.

त्यानंतर मी घाबरून रत्नागिरीला आलो, माळनाक्याजवळ खोली घेतली आणि ट्रीटमेंट सुरू केली. रोज सकाळी दहाला व्यसनमुक्ती सेंटरवर जायचं. सिस्टर जिभेखाली गोळी ठेवतात, ती विरघळेपर्यंत बाकावर बसायचं. बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणी नाही. त्या गोळीने तलफ मरते, हे अगदी खरं. एकटेपणावर मात्र तिचा काही इलाज नाही.

त्या दिवशी मी पार खचलो होतो. माहेरी गेलेल्या बायकोचा आदल्या दिवशी फोन आला होता — “मुलीला सुट्टीत तिकडे पाठवणार नाही. तुमचा भरवसा काय?” तिचं तरी काय चुकलं? पण त्या सकाळी मला कुणीही बोलावलं असतं ना, तर गोळी थुंकून मागोमाग गेलो असतो. आणि खिडकीबाहेरून हाक आली —

“मंडण्या!”

दिलीपचाच आवाज... तोच घोगरा. आई म्हणायची, पहिल्या हाकेला ओ देऊ नये, भूत तिसरी हाक मारत नाही. मी गोळी जिभेखाली घट्ट दाबून धरली.

“मंडण्या, येतोस काय रं?”

“मंडण्या... एकलाच हाय रं मी.”

तीन झाल्या! म्हणजे आईच्या हिशेबाने तो माणूसच. मी तोंड उघडणार, तोच सिस्टर खेकसल्या, “अहो चाळीस नंबर! गोळी फुकट घालवताय काय?”

मी तोंड मिटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण गोळी सांभाळली.

ती विरघळल्यावर धावत बाहेर गेलो. कुणी नाही. खिडकीमागे नुसती चिऱ्याची भिंत. आत आलो तर सिस्टर रजिस्टर भरता भरता म्हणाल्या, “भेटले का ते? केव्हाचे हाका मारत होते... मंडण्या म्हणतात होय तुम्हाला?”

त्यांच्या रजिस्टरमध्ये माझं नाव प्रकाश आहे.

मला भास झाला असेल, मान्य. पण दोघांना एकच भास? ती हाक पुन्हा कधी आली नाही. मी मात्र एकही दिवस चुकवलेला नाही. रोज गोळी विरघळली की त्या खिडकीशी जातो आणि हळूच ओ देतो.