चार सूत आणि बारा मिलिमीटर

मास्तरांनी पहिल्याच भेटीत मला नापास केले होते. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी फिटरच्या जागेसाठी गेलो होतो. श्री. कमळाकर देसले तिथल्या टूलरूमचे फोरमन होते आणि साऱ्या कारखान्यात त्यांना मास्तर याच नावाने ओळखत. उल्हासनगरच्या दोन-तीन शेडमध्ये काम करून मी आलो होतो, त्यामुळे अंगात मस्ती भरपूर. मास्तरांनी एक गोल सळई माझ्या हातात दिली आणि केवढी आहे ते विचारले. मी न मोजताच चार सूत म्हणून मोकळा झालो. त्यांनी व्हर्नियर पुढे केला. सळई बारा मिलिमीटर निघाली. मी म्हटले, एकच की, सगळे बारालाच चार सूत म्हणतात. त्यावर मास्तर म्हणाले, "सळईला चालतं. सळई काँक्रीटमध्ये गाडतात. बोल्ट गाडत नाहीत." त्या दिवशी त्यांनी मला परत पाठवले आणि पुढच्या सोमवारी पुन्हा बोलावून कामावर घेतले.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे बारा पूर्णांक सात मिलिमीटर. बारा आणि बारा पूर्णांक सात यांत पाऊण मिलिमीटरचाही फरक नाही. गवंडी, सुतार, फॅब्रिकेटर सगळे या फरकाकडे काणाडोळा करतात आणि त्यांचे काही बिघडत नाही. बोल्टाचे मात्र आटे असतात. इंचाचे आटे वेगळे, मिलिमीटरचे वेगळे. अर्ध्या इंचाच्या भोकात बारा मिलिमीटरचा बोल्ट घातला तर आधी तो सैल जातो, दोन-चार फेऱ्यांनंतर अडकतो, आणि लावणाऱ्याला वाटते की छान आवळला गेला.

मास्तरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी "मास्तरांची शिस्त" या विषयावर लिहावे, असे समितीने मला कळवले आहे. शिस्तीबद्दल लिहितो. मास्तरांच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी असे, एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला मिलिमीटर. काम हातात घेतले की जे माप लागणार नसेल त्या कडेवर ते काळी इन्सुलेशन टेप चिकटवत. मशीनच्या अंगावर खडूने "इं" किंवा "मि" असे अक्षर लिहीत आणि काम संपेपर्यंत ते अक्षर पुसायची कोणाची टाप नव्हती. आम्ही मागे त्यांची टिंगल करायचो. मास्तर जेवायला बसले की ताटावरही खडूने लिहितात, असे मीच पसरवले होते.

ते मिलिमीटरचे भक्त होते असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. त्यांचे घर वांगणीचे, भातशेतीचे. घरात तांदूळ पायलीने मोजला जाई आणि मास्तर तिथे काट्याचे नावही काढत नसत. मी एकदा खोडी काढायला विचारले की घरी किलो का नाही. ते म्हणाले, आमच्या घरात आईपासून सुनेपर्यंत सगळ्यांची पायली एकच आहे, मग भांडण कशाला? वाईट माप असे काही नसतेच, दोन मापे एका डब्यात ठेवणे वाईट, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आणि आमच्या कारखान्यात नेमके तेच होते. जुनी विलायती प्रेस मशीन इंचाची, नवीन सगळे मिलिमीटरचे, आणि दोन्हीकडचे बोल्ट एकाच पत्र्याच्या ट्रेमध्ये. मास्तरांनी मालकांकडे दोन ट्रे मागितले, इंचाचे बोल्ट वेगळे आणायची परवानगी मागितली. तोंडी मागितली, मग लेखी मागितली. उल्हासनगरचे हार्डवेअरवाले लालचंद शेठ इंचाचे बोल्ट वेगळ्या खोक्यात ठेवून मला सांगत, "साईं, मास्तरजी के लिए अलग रखा है, ले जाओ." आमचे मालक मात्र म्हणत, चार सूत म्हणजे बारा एमएम, सगळी दुनिया चालवते, तुम्हीच काय ते शहाणे. शेवटी मास्तरांनी पदरमोड करून एक पुडा आणला आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवला. ज्याला लागेल त्याने मागून न्यावा, असे सगळ्यांना सांगितले. मलाही सांगितले.

आता शिस्तीच्या पुढचे लिहितो. ते समितीने मागितलेले नाही.

त्या दिवशी सकाळच्या पाळीत जुन्या प्रेसचा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवायचे काम माझ्याकडे होते. चार बोल्टांपैकी एकाचे आटे झिजले होते. मास्तरांचे टेबल शेडच्या दुसऱ्या टोकाला, फार तर तीस पावलांवर. मला तिकडे जायचा कंटाळा आला. मी ट्रेमध्ये हात घातला, हाताला आला तो बोल्ट लावला. सैल गेला, मग अडकला, मग पान्याने आवळला. प्रेसवर लक्ष्मण होता, बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचा, माझ्याच वयाचा, दोन लहान मुलांचा बाप. तासाभराने तो बोल्ट सुटला, डाय एका बाजूला उसळला आणि लक्ष्मणच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली.

तो हात पोटाशी धरून खाली बसला. मी सुटलेला बोल्ट उचलला आणि आटे बघून मला कळले. माझ्या शेजारी मास्तर उभे होते, त्यांनाही कळले. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

दोन दिवसांनी चौकशी झाली. इन्स्पेक्टरसाहेब होते, मालक होते, आम्ही चारसहा कामगार होतो. बोल्ट कोणी लावला, असा प्रश्न आला. मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "मी. माझ्या हातानं लावला." मी ते खोडून काढले नाही. त्या महिन्याच्या अखेरीस मास्तरांना काढून टाकण्यात आले. निवृत्तीला सहा वर्षे उरली होती.

गेटबाहेर मी त्यांना गाठले. मला रडू येत होते, पण खरे सांगायचे तर त्या रडण्यात सुटकेचा भागच जास्त होता. मास्तर म्हणाले, "तुझी बायको आठव्या महिन्यात आहे, अनंता. केस झाली तर तू आत जाशील. माझी पोरं हाताशी आलीत." आणि मग म्हणाले, "शिवाय ट्रे एक होता हे मला माहीत होतं. तरी मी मशीन चालू दिली. ते माझंच."

माझा मुलगा आज इंजिनिअर आहे. बापाची ही हकीकत तो या ग्रंथात वाचेल.

मास्तर त्यानंतर उल्हासनगरला एका लहानशा शेडमध्ये साधे फिटर म्हणून लागले, निम्म्या वयाच्या पोरांच्या हाताखाली. बदलापूरला घर घेतल्यावर त्यांनी सायंकाळचा वर्ग सुरू केला, मोजमापाचा, फुकट. त्यातून तयार झालेले लोक आज अंबरनाथच्या आनंदनगरपासून पुण्यापर्यंत आहेत आणि हा समारंभ त्यांनीच घडवून आणला आहे. त्यांच्या निष्ठेला माझा नमस्कार. मी स्वतःचा कारखाना काढला तेव्हा मास्तर आपला मायक्रोमीटर घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी तोही घेतला. घेताना मला लाज वाटली, पण परत करण्याइतकी वाटली नाही.

आणि लक्ष्मण? दरवर्षी भात झोडून झाले की मास्तर वांगणीहून तांदळाचे पोते घेऊन त्याच्या पाड्यावर जात. आधी रिक्षाने, मग पुढे डांबर संपते तिथून चालत. लक्ष्मण त्यांच्याशी बोलत नसे. त्याची बायको त्यांना बसा म्हणत नसे. मास्तर पोते ओट्यावर ठेवत आणि परत फिरत. हे मला ठाऊक होते. वीस वर्षे ठाऊक होते. लक्ष्मणच्या लेखी ज्या माणसाने त्याची बोटे घेतली तो माणूस दर हिवाळ्यात दारात येऊन उभा राहत होता, आणि ज्याने खरोखर घेतली तो अंबरनाथमध्ये आपल्या केबिनमध्ये चहा पीत होता.

गौरवलेखात गौरवमूर्तींचे दोष काढू नयेत, असा संकेत आहे. तरी एक काढतो, कारण मास्तरांनीच मला चुकीच्या मापाकडे काणाडोळा करू नये असे शिकवले. त्यांचे खोटे बोलणे थोर होते आणि चुकीचेही होते. त्यांनी दोष स्वतःच्या नावावर घेतला आणि चौकशीच्या कागदावर "एका कामगाराचा हलगर्जीपणा" एवढेच उमटले. एक ट्रे, मालकांचा नकार, मास्तरांचे लेखी अर्ज, यातले काहीही त्या कागदावर आले नाही. मास्तरांच्या खोट्याने मी वाचलो, आणि माझ्याबरोबर मालकही वाचले. लक्ष्मण तेवढा उरला. त्याच मालकांचे चिरंजीव आज या समितीचे स्वागताध्यक्ष आहेत आणि ग्रंथाच्या पहिल्या पानावर त्यांचा शुभसंदेश आहे. मास्तरांना "आमच्या उद्योगपरिवाराचे आधारस्तंभ" असे त्यात म्हटले आहे, असे ऐकतो. आधारस्तंभाला एका महिन्यात बाहेर काढले होते, हे संदेशात बहुधा जागेअभावी राहून गेले असावे. हा लेख छापायचा की नाही हे समितीने ठरवावे. नाही छापला तर मी प्रती काढून सभागृहाच्या दारात वाटीन.

लिहिण्याआधी मी बदलापूरला जाऊन मास्तरांना हे सगळे सांगितले. वाटले होते, नको म्हणतील. ते बराच वेळ गुडघे चोळत बसले. मग म्हणाले, "लिही. पण लक्ष्मणला पुस्तकात वाचायला लावू नकोस. आधी त्याच्या घरी जा."

मी गेलो. गाडी जाते तिथवर गाडीने आणि पुढे पायी. लक्ष्मण अंगणात होता, डाव्या हाताने कोयता चालवत कुंपणाचे मेढे टोकदार करत होता. त्याने मला शेट म्हणून हाक मारली आणि बसायला घोंगडी टाकली. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितले: बोल्ट मी लावला होता, मास्तरांनी नाही. खणात बरोबर बोल्ट होता आणि मी उठून गेलो नाही.

लक्ष्मणने कोयता खाली ठेवला. त्याची बायको दारात आली होती, तिनेही ऐकले. माझ्या अंगावर धावून येईल असे मला वाटले, आणि यावे असेही वाटले. तो फक्त विचारत राहिला. मास्तर खोटे का बोलले? मी सांगितले, माझी बायको गरोदर होती म्हणून. तो म्हणाला, "माजी बी दोन पोरा व्हती." मग त्याने विचारले, मास्तरांना तांदूळ आणायला कोणी सांगितले होते? मी म्हटले, कोणीच नाही.

"त्यो तांदूल आमी कदी शिजवला नाय," लक्ष्मण म्हणाला. "दर साली कोंबड्यांना टाकला. मास्तरांच्या म्होरंच टाकला एकदा. माला ठावं नव्हता."

त्याची बायको तोंडाला पदर लावून आत गेली. लक्ष्मण उठला, अंगणाच्या कडेपर्यंत गेला, परत आला. यंदा मास्तर आले नाहीत, त्यांचे कसे आहे, असे त्याने विचारले. मी गुडघ्यांचे सांगितले. तो म्हणाला, त्यांना सांगा, आता येऊ नका, मीच येतो. मी लगेच म्हटले, माझी गाडी आहे, मी तुला घेऊन जातो. त्याने माझ्याकडे नीट बघितले आणि म्हणाला, "तू नको."

लक्ष्मण समारंभाला येणार नाही. हारतुरे आटोपले की पुढच्या आठवड्यात तो बदलापूरला मास्तरांच्या घरी जाणार आहे. तिथे तो पाया पडेल की भांडेल, मला सांगता येत नाही. भांडला तरी त्याचा हक्क आहे, कारण मास्तरांनी मला वाचवताना त्याला विचारले नव्हते. मास्तरांना शंभर वर्षे आयुष्य मिळावे असे या ग्रंथात सगळेच लिहितील. ते मागण्याची माझी लायकी नाही. मी एवढेच मागतो की त्यांची प्रकृती धड राहावी, बसायची ताकद राहावी आणि कान शाबूत राहावेत, कारण वीस वर्षे जो माणूस त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही त्याला आता पुष्कळ बोलायचे आहे, आणि ते ऐकायला मला त्याने बोलावलेले नाही.