खोकली मिस्की, अंथरुणात एपिफानियो

मेलितोना वारकाया चुकली, असं आमच्या गावात तिच्या तोंडावर कुणी म्हणून दाखवावं. चुकायची, माणूसच ती. पण तिची चूक पुढच्या दाराने आत गेली की मागच्या दाराने शहाणपण होऊन बाहेर पडायची. एकदा बाजारातून तिचं खेचर परक्याच बाईच्या मागोमाग निघून गेलं. ही म्हणाली, "मीच जाऊ दिलं. बाई प्रामाणिक आहे का बघायचं होतं." संध्याकाळी खेचर परत आलं, आणि त्या बाईने सोबत चीजचा गोळाही पाठवला. आता बोला.

तिच्या धाकट्या लेकीचा मी धर्मबाप, म्हणून ती मला कोंपाद्रे म्हणे आणि मी तिला कोमाद्रे. तिचा नवरा एपिफानियो हार्प वाजवायचा, मी व्हायोलिन. हार्पशिवाय व्हायोलिन म्हणजे पातेल्याशिवाय पळी.

तिच्या चुलीभोवती कुई, म्हणजे गिनीपिग, हिंडत, जशा सगळ्यांच्याच घरी हिंडतात. पाव्हणा आला की त्यातली एखादी भाजली जाई. पण मिस्कीची गोष्ट निराळी. तांबूस अंग, कपाळावर भोवरा, आणि मेलितोनाचा आवाज ऐकला की बारीक शीळ घालणार. मेलितोना तिला शालीत घेऊन बसायची. बाकीच्यांना बटाट्याची सालं, मिस्कीला मात्र माळ्यावरचं खास ओटचं वाळकं गवत. माझ्या भावाने एकदा तिच्याकडे बघून ओठ चाटले, तर त्याला सूप न पिताच घरी जावं लागलं.

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी मिस्की खोकायला लागली. आता आमच्याकडे वैदू आजारी माणसाच्या अंगावरून कुई फिरवतो. माणसाचा रोग कुईत उतरतो, मग ती चिरून बघायची आणि दुखणं कुठे आहे ते ओळखायचं. मेलितोनाने हेच उलट बाजूने धरलं. कुई खोकते, म्हणजे घरात कुणाची तरी छाती बिघडून तिच्यात उतरली आहे. मुली लग्न होऊन गेलेल्या, घरात माणसं दोन. स्वतःच्या छातीची तिला खात्री होती. उरला एपिफानियो.

"नीज," ती म्हणाली.

"मला काय झालंय?"

"ते मिस्कीला विचार."

"अगं, मी एकदा तरी खोकलो का?"

"तुझा खोकला ती खोकते, म्हणून तुला कळत नाही."

नवऱ्याला तीन घोंगड्यांखाली घातलं, छातीला मेंढीची चरबी चोळली, निलगिरीचा वाफारा दिला, डोंगरी पुदिन्याचा काढा पाजला. बिचारा घामाने निथळत होता. आणि दुखणं डोळ्यांसमोर राहावं म्हणून तिने मिस्कीला त्याच्या उशाशी खोक्यात ठेवलं, खाली त्याच ओटच्या गवताची जाड गादी करून. मिस्कीचा खोकला वाढला. डोळेही पाणावले.

"बघ, वाढलं तुझं," मेलितोना म्हणाली आणि चौथं घोंगडं घातलं.

इकडे माझा जीव टांगणीला. कालवा साफ करायचा सण तोंडावर आलेला. सगळं गाव फावडी घेऊन वर चढतं, आणि पाणी सुटलं की त्याच्यापुढे हार्प-व्हायोलिन वाजत खाली येतं. एपिफानियोच्या बापानेही तिथेच वाजवलेलं. कालव्याचा मुखिया म्हणाला, "सणाच्या सकाळी हा उठला नाही, तर खालच्या गावच्या हार्पवाल्या ग्रिमाल्दोला बोलावतो." आणि ग्रिमाल्दो एकदा आमच्या पाण्यापुढे वाजवून गेला असता, तर त्याला परत हलवणं कठीण. एपिफानियोने ऐकलं आणि घोंगड्यांखालून नुसता भिंतीकडे वळला.

सणाच्या आदल्या दुपारी मी तिला गळ घालायला गेलो. ती दारात उभी, माळ्यावरून काढलेली नवी पेंढी मिस्कीसाठी झटकत होती.

"कोमाद्रे, त्याला सोडा. मी जामीन राहतो त्याच्या छातीला."

"तुमचीच छाती..." म्हणता म्हणता ती खोकायला लागली. थांबेचना. दारातल्या उन्हात पेंढीतून पिठासारखी धूळ उडत होती. मलाही ठसका लागला. मिस्की आतून खोकली. सगळं घर खोकत होतं, आजारी एपिफानियो सोडून.

तिने डोळे पुसले, पेंढी नाकाला लावली. कुबट, बुरशीचा वास. शेवटच्या पावसात ओट कापला तेव्हा एपिफानियो म्हणाला होता, अजून ओला आहे, पसरून ठेवू. हिने तसाच बांधायला लावला होता. हे मला ठाऊक, त्याला ठाऊक, आणि आता तिच्या तोंडावरून दिसत होतं की तिलाही आठवलं.

मला वाटलं, आज ही म्हणणार, चुकलं.

तिने पेंढी अंगणात भिरकावली, आत गेली आणि चारही घोंगडी ओढून काढली.

"ऊठ. मी म्हटलं नव्हतं, घरात कुणीतरी आजारी आहे? गवत आजारी होतं. वेळेवर ओळखलं म्हणून बरं."

एपिफानियो अंथरुणातून उठला. हार्पच्या तारा जुळवायला बसला. मेलितोनाने खोकं झाडून पुसून काढलं, ओढ्याकाठचा हिरवा पाला उन्हात जरा सुकवून मिस्कीला घातला. सकाळपर्यंत खोकला पुष्कळ उतरला होता.

पाणी सुटलं तेव्हा हार्प त्याच्या खांद्यावर होती. अंगाला मेंढीच्या चरबीचा असा वास, की गावातली सगळी कुत्री पाणी सोडून त्याच्या मागे. मेलितोना शालीतल्या मिस्कीसकट पुढे चालत होती, जणू पाणीही तिनेच आणलं.

मुखियाने विचारलं, "काय एपिफानियो, बरं वाटतंय का आता?"

"मला काय विचारता," तो तार छेडत म्हणाला, "गवताला विचारा."