ढवळीचे मागले पाय

मंगळू जव्हारच्या पागेत निशाणदार होता. दसऱ्याच्या स्वारीत सगळ्यांच्या पुढे, पांढऱ्या घोडीवर बसून तो संस्थानचं निशाण धरायचा. त्याच्या आधी बापाने धरलं, बापाच्या आधी आज्याने. वर्षाचे बाकीचे दिवस त्याला इतर मोतद्दारांसारखंच काम. शेण काढा, खरारा करा, चंदीचे हरभरे भिजवा, मोखाड्याचं टपाल पोचवा. पण दसऱ्याला तो घोडीवर बसला की त्याच्या पाड्यावरची माणसं नागलीची शेतं तुडवत बघायला यायची, आणि म्हातारीकोतारीसुद्धा हात जोडायची. ते हात निशाणाला जोडलेले आहेत हे मंगळूला कळायचं. तरी त्याला बरं वाटायचं.

घोडी ढवळी. शिंगरू होती तेव्हापासून त्याच्या हातची. तिच्यावर तो दुसऱ्या कुणाला बसू देत नसे. पागेतला तुका नावाचा एक तरणा स्वार एकदा नुसता रिकिबीत पाय घालायला गेला, तर मंगळू त्याला चारचौघांत म्हणाला, "ही निशाणाची घोडी आहे. तुझ्या बापाची बैलगाडी नाय." तेव्हापासून दोघांचं बोलणं तुटलेलं.

एका पावसाळ्यात मोखाड्याच्या वाटेवर दगड निसटला. ढवळी सावरली, मंगळू खाली ओहोळात गेला. खुब्याला मार बसला. तो उठला तोवर भाताची लावणी उरकली होती. चालताना तो उजवीकडे झुकू लागला. त्याची बायको चिमी म्हणायची, "आता बस कर टपालाच्या फेऱ्या." तो म्हणायचा, "जमिनीवर लंगडतो, खोगिरावर नाय."

पुढच्या वर्षी भादव्यात ढवळी मागचे पाय ओढायला लागली. पुढचे पाय नीट उचलायची, मागचे मात्र मातीतून फरफटत आणायची. रस्त्याच्या तांबड्या मातीत तिच्यामागे काठी ओढल्यासारख्या रेघा उमटायच्या. मागच्या खुरांची टोकं झिजून सपाट झाली. मंगळूने तेल गरम करून कंबर चोळली, विटा तापवून शेकली. दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच.

पागेच्या वामन जमादाराने तिला उभी करून कमरेवर अंगठा दाबला. घोडी खाली दबली, तिने कान मागे टाकले.

"कमरी झाली रे मंगळू," जमादार म्हणाला. "कंबर गेली हिची."

"म्हातारी नाय हो अजून."

"कमरीला वय लागत नाही. वर कुणीही बसो, ती पाय ओढणारच. स्वारीत निशाणासकट खाली बसली तर काय तोंड दाखवायचं?" मग तो म्हणाला, "घटस्थापनेआधी तिला पागेतून काढावी लागेल."

काढणं म्हणजे काय ते पागेत सगळ्यांना ठाऊक होतं. कमरी घोडं कुणी घेत नसे. त्याला दरीच्या बाजूला नेत, आणि मागून बंदुकीचा आवाज येई.

त्याच आठवड्यात एक नवल झालं. मोखाड्याच्या वाटेवर वाघदेव आहे. उभा दगड, त्यावर वाघ कोरलेला, शेंदूर फासलेला. त्याच्यापुढून कुणी बसून जायचं नाही अशी रीत. स्वार असो, गाडीवाला असो, अलीकडच्या उंबरापाशी उतरायचं, जनावर हाताने धरून चालवायचं, देव मागे पडला की पुन्हा बसायचं. मोळी विकायला येणाऱ्या रामीने तिथली माती बघितली आणि पागेच्या दारातूनच ओरडली, "अरे मंगळू, तुझी घोडी देवाला ओळखते! उंबरापर्यंत रेघा, देवापुढं एक रेघ नाय, पुढं गेली की पुन्हा रेघा!"

जो तो जाऊन बघून आला. खरंच होतं. देवापुढे ढवळीच्या टापा स्वच्छ उमटलेल्या. बायका तिच्या खुरांवर झेंडूची फुलं टाकू लागल्या. "मुकं जनावर, पण देवापुढं पाय ओढत नाय," असं बाजारभर झालं. मंगळूचा ऊर भरून आला. त्याने जमादाराला सांगितलं, "देवाने तिचे पाय तिथं उचलले, तर दसऱ्यालाही उचलेल." जमादार भाविक माणूस. तो म्हणाला, "बघ बाबा. देवाच्या मध्ये मी येत नाही. पण घटस्थापनेपर्यंतच."

मंगळू ढवळीला आणि चिमीला घेऊन वाघदेवाला गेला. नारळ फोडला, कोंबडी दिली, बराच वेळ मांडी घालून बसला. उठताना खुबा असा धरला की खोगिरावर चढवेना. मग लगाम धरून तो चालतच निघाला. देव मागे पडला, ओढा मागे पडला. चिमी मागून येत होती. एकदम ती म्हणाली, "अरे, बघ तरी! रेघ नाय!"

पार पागेच्या दारापर्यंत रेघ नव्हती. चिमीने तिथेच मातीला हात लावून कपाळाला लावला.

सकाळी मंगळू मोठ्या आनंदाने ढवळीवर बसला. दाराबाहेर पडतो न पडतो तोच मागून आवाज आला, खर्र, खर्र. तो उतरला. तिला चालवली. आवाज नाही. बसला, पुन्हा खर्र. त्याने खाली वाकून खोगीर बघितलं. उजव्या बाजूची गादी दबून चपटी झाली होती, डावी अजून फुगलेली. तिच्या पाठीवरून हात फिरवला तर दुखरी जागाही उजवीकडेच. तो तसाच उभा राहिला, घोडीच्या मानेला टेकून. नारळ फोडून आपण देवाला जे मागितलं, ते देव रोज त्या वाटेवर दाखवत होता, आणि आपणच तिथे उतरलेले होतो.

पण जमादाराचा शब्द मनातून जाईना. कुणीही बसो, ती ओढणारच. खरं काय ते कळायला दुसऱ्या कुणाला तरी बसवायला हवं होतं. ढवळीने त्याच्याखाली पाय ओढले तर ती जाणार. नाही ओढले तर आपण.

तुका विहिरीवर घोडं पाजत होता. मंगळू त्याच्यापाशी जाऊन म्हणाला, "जरा ढवळीवर बस."

तुका बघतच राहिला. "का रे? आज ती बैलगाडी झाली काय?"

"बस म्हणतो ना."

मंगळूने दुसरं खोगीर आणून स्वतः कसलं. तुका बसला. माळाच्या टोकापर्यंत गेला, वळला, परत आला. मंगळू जमिनीकडे बघत उभा होता. टापांमागून टापा, सगळ्या मोकळ्या. माती कुठे ओरखडलेली नव्हती.

तुका उतरला. त्यालाही कळलं होतं. टोमणा मारायची ही संधी होती, पण त्याने मारला नाही. हळूच म्हणाला, "दादा, मी कुणाला बोलत नाय. देवाने बरी केली म्हणून लोक समजतायत, समजू दे. दसऱ्याला तूच बस. एक दिवसाचं तर आहे."

मंगळूने ढवळीच्या कमरेवर हात ठेवला. तिची कातडी थरथरली.

"तो एक दिवस ती माझ्यासाठी दुखणं काढील," तो म्हणाला. "आणि पाय ओढलेच, तर जमादार तिला दरीत नेईल."

तो तसाच जमादाराकडे गेला. "घोडी कमरी नाय. माझी मांड मोडली. मी वाकडा बसतो, माझं सगळं वजन तिच्या एका बाजूला पडतं. तुका बसला तर नीट चालते, तुम्ही बघा." जमादाराने बघितलं. मग विचारलं, "निशाणाचं काय?"

"तुका धरील."

घरी हे सांगितल्यावर चिमी चुलीपुढे बसून रडली. "तीन पिढ्यांचं होतं रे," एवढंच म्हणाली. तो म्हणाला, "हां."

दसऱ्याला मंगळूने ढवळीला न्हाऊ घातलं, झूल चढवली. तुका बसल्यावर निशाणाची काठी उचलून त्याच्या हातात दिली. देताना बोटं लगेच सुटली नाहीत. तुकाने घाई केली नाही. पाड्यावरची माणसं आली होती, त्यांनी हात जोडले. कुणी म्हणालं, वाघदेवाने घोडी बरी केली. मंगळूने ते खोडून काढलं नाही. त्यालाही ते खरंच वाटत होतं.

ढवळीने पुढे बरीच वर्षं निशाण वाहिलं. स्वारीत तिच्या पुढे चालायचा मान जमादाराने मंगळूला देऊ केला होता. त्याने तो घेतला नाही. तो लंगडत तिच्या मागून चालायचा. मागून पाय दिसतात, म्हणायचा.