टाकीवरचा एकाहत्तर

हे मी मंगेशलेही सांगितलं नाई — आणि मंगेश तर तेव्हा तिथीच उभा होता. त्यानं पाहिलं ते बाहेरचं. माझ्या आत काय झालं, ते त्याले कसं दिसेल? आज तुमाले सांगते. बसा जरा जवळ.

मंगेश माझा पुतण्या. वरोऱ्याले आमच्या आंगणात त्याचा सेकंडहँड गाड्यांचा धंदा — साध्या नाई, त्या वाकून चालवायच्या, रेसवाल्या मोटारसायकली. मले लेकरू नाई. हे आधीच सांगून ठेवते, कारण सारं इथूनच निघते.

अशा गाड्या स्वस्तात कुठून येतात, ठाऊक आहे? ज्या घरचा पोरगा गाडीवरून पडून गेला, त्या घरून. बाप म्हणते, न्या एकदाची डोळ्यापुढून. पण तशी गाडी आमच्याकडं कोणी घेत नाई. पहिला प्रश्न हाच — इच्यावर मेलं तर नाई ना कोणी? म्हणून मंगेश कागद आपल्या नावावर करून घ्यायचा आणि मले म्हणायचा, "काकू, तू फक्त म्हण, चालवायचा माहा पोरगा. आता परदेशी गेला नोकरीले."

मी म्हटलं, "मेल्या, एकदम परदेशीच धाडतो त्याले? दोन घास जेऊ तर घालू दे आधी!"

हसलो आम्ही. खरंच हसलो.

मग मी म्हणत गेली, आणि जमत गेलं. गिऱ्हाइकापुढं बोलता यावं म्हणून मंगेशच्या मोबाइलवर रेसच्या बातम्या ऐकायची, आइतवारी रेस पाहायची — कोण कोणत्या वळणावर घसरला, कोणाचं मनगट मोडलं, कोणी टीम बदलली. "रेस लागली की माहा पोरगा जेवायचं विसरे," असं सांगायची. हळूहळू त्याले सवयी आल्या. वांग्याची भाजी त्याले चालत नसे. गाडी पुसायले माझंच जुनं लुगडं फाडायचा. खोटं बोलता बोलता माणूस कुठी थांबते? मले तर त्याचा आवाजसुद्धा — जाऊ द्या.

त्या दिवशी माजरीच्या खाणीत नवाच लागलेला एक पोरगा लाल गाडी पाहून राह्यला होता. "मावशी, तुमाले त माह्यापेक्षा जास्त समजते रेसचं!"

"मग? पोरानं शिकवलं," मी म्हटलं. सौदा झाल्यातच जमा होता.

तेवढ्यात फाटकातून एक बाई आली. गडचिरोलीच्या पलीकडच्या गावाहून, एसटीनं. कोणाशी न बोलता सरळ लाल गाडीपाशी गेली आणि पेट्रोलच्या टाकीवर हात ठेवला. तिथी पहिले एकाहत्तरचा आकडा चिकटवलेला होता. मंगेशनं तो खरवडून काढला होता, पण त्याखालचा रंग तेवढाच ताजा राह्यला होता. वाचता येत होता आकडा. ती त्यावरून बोट फिरवत राह्यली.

"माह्या पोराचा नंबर," ती म्हणाली. "रेसमध्ये उतरीन त हाच घेईन म्हणे. बाई, गाडी नाई मांगत मी. त्याच्या बापानं विकली त विकली. एक डाव चालू करून दाखवा. आवाज ऐकते न् जाते."

माजरीचा पोरगा माझ्या तोंडाकडं पाहू लागला. मंगेशही.

आता ते सांगते, ज्यासाठी बसवलं तुमाले. मंगेशले अजून वाटते, काकू सौद्यासाठी बोलली. नाई. सौद्याचं मले त्या घडीले भानच नव्हतं. मले राग आला होता — माझ्या पोराच्या गाडीले ही कोण हात लावून राह्यली? माझ्या! समजलं का तुमाले? तिचा पोरगा मेला होता, माझा कधी जन्मलाच नव्हता, आणि मी तिचा हात धरून टाकीवरून उचलला.

"चुकला तुमचा पत्ता, बाई. माह्या पोराची गाडी हाय ही. तो नंबर त्यानंच लावला होता. मी समोर उभी होती."

ती पाहत राह्यली. काय शोधत असेल माझ्या चेहऱ्यात? मग हळूच विचारलं, "कुठी हाय तो?"

"परदेशी."

"फोन येते ना त्याचा?"

"येते. दर आइतवारी."

तिचा चेहरा एकदम मऊ झाला. हात जोडले तिनं. "माहंच चुकलं मग. राग नका धरू. सुखरूप राहो तुमचं लेकरू."

ती फाटकाबाहेर पडली आणि माजरीच्या पोरानं ट्रायलसाठी गाडी चालू केली. रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली ती जागच्या जागी थांबली. वळली नाई. पाठमोरीच उभी होती, आवाज दूर जाऊन पार विरेपर्यंत. एका हाकेचं तर अंतर होतं. मी हाक मारली नाई.

त्या आइतवारीही मी रेस पाहिली. आणि पुढच्या गिऱ्हाइकाले — हेही ऐका — मी सांगितलं, माह्या पोराचा नंबर एकाहत्तर होता.