भागवतच्या हातातल्या सुया

पिंपळगाव राजा ते खामगाव या रस्त्यावर भागवत बावीस वर्षं काळी-पिवळी जीप चालवत होता. पहिली फेरी कॉलेजच्या पोरांची, मग दवाखान्याला नि बाजाराला जाणाऱ्या माणसांची. बावीस वर्षांत गाडीचा आरसासुद्धा कधी फुटला नव्हता.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमाराला, तुरीच्या शेतातून एक रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारून थेट गाडीपुढे आला. भागवतनं स्टिअरिंग डावीकडे दाबलं आणि जीप नालीत आडवी झाली. आत नऊ जण होते. कुणाला खरचटलं, कुणाच्या गुडघ्याला मार बसला. एकट्या तानाबाईचं उजवं मनगट मोडलं. तानाबाई गावातली निवृत्त अंगणवाडी सेविका, पासष्टीची, घरात एकटी राहणारी.

लोक म्हणाले, थोडक्यात निभावलं. जनावर आडवं आलं त्यात ड्रायव्हरचा काय दोष? जीप आठ दिवसांत दुरुस्त होऊन दारात आली. पण भागवत तिच्यात बसेना.

खरं तर त्याला कुठंच बसवेना. ताटावर बसला की चार घासांत उठायचा, अंगणात जाऊन जीपच्या चारही चाकांची हवा दाबून बघायचा, परत यायचा, परत उठायचा. शेजारचं फाटक वाजलं तरी छातीत धडधड. हात सारखे थरथरायचे. कप बशीवर वाजायचा म्हणून त्यानं बशी घेणंच सोडलं. डॉक्टरनं ईसीजी काढला, सगळं ठीक आहे म्हणाला, गोळ्या दिल्या. गोळीनं झोप लागायची, पण डोळे उघडले की धडधड आधीच जागी.

"एका जागी बसा ना जरा," बायको रेणुका म्हणायची. "तुमाले पाहून मलेच चक्कर येऊन राह्यली."

"बसलो का जीव वर येते."

तानाबाईला भेटायला जायचं त्याच्या मनात होतं. तीन वेळा तो तिच्या दारावरून तसाच पुढे गेला. चौथ्या वेळी तिनंच हाक मारली.

ती ओट्यावर बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, मांडीवर दोन सुयांना लटकलेलं पिवळ्या लोकरीचं अर्धवट स्वेटर. तिच्या लेकीला, काजलला, जानेवारीत बाळ व्हायचं होतं.

"मावशी, माहं चुकलं," भागवत म्हणाला आणि फाटकाची कडी खाली-वर करत राहिला.

"ते सोड. कडी नको वाजवू. ये, बस."

"मले बसता नाई येत."

"मंग उभ्यानं धर." तिनं डाव्या हातानं सुया पुढे केल्या. "माहा हात तर दीड महिना कामाचा नाई. काजलचं लेकरू थोडीच थांबते त्याच्यासाठी? तू पुरं करून दे."

"मावशी, माहे हात पाह्यले का तुमी?"

"पाह्यले. लोकर आहे ते, काच नाई. टाका सुटला तर उचलू."

पहिल्या दिवशी अकरा टाके सुटले. अंगणवाडीतल्या पोरांना शिकवावं तशी तानाबाई सांगायची: सुई आत घाल, धागा वरून घे, ओढ, सोड. सुया एकमेकींवर खटखट वाजायच्या. दोन ओळी झाल्या की तो उठून रस्त्यापर्यंत चक्कर मारून यायचा. ती त्याला अडवायची नाही.

चौथ्या दिवशी बाजूच्या घरात पाण्याची मोटर एकदम सुरू झाली. भागवत दचकला, पण तो ओळीच्या मध्यावर होता. उठला तर टाके सुटणार, म्हणून दात आवळून ओळ संपेपर्यंत बसला. ओळ संपली तेव्हा धडधड थोडी उतरली होती. चोरून काही केल्यासारखं त्यानं हे संध्याकाळी रेणुकाला हळूच सांगितलं.

स्टँडवर बातमी पोचलीच. "काय बे भागवत, आता फ्रॉक शिवतं का?" एक जण म्हणाला, बाकीचे हसले. भागवत दोन दिवस तानाबाईकडे फिरकला नाही. त्या दोन दिवसांत त्यानं चाकांची हवा इतक्यांदा पाहिली, की रेणुकाच जाऊन ते विणकाम घेऊन आली आणि तिनं ते त्याच्या पुढ्यात टाकलं.

"हासतीन ते हासू द्या. तुमी इना."

दुसऱ्या दिवशी तो ते घेऊन परत तानाबाईच्या ओट्यावर गेला.

प्लास्टर काढायचा दिवस आला तेव्हा तानाबाईनं हट्ट धरला, जाईन तर भागवतच्याच गाडीत. भागवतनं दुसरी जीप सांगून पाहिली; तानाबाई तिच्यात बसली नाही. शेवटी त्यानंच किल्ली फिरवली. तानाबाई पुढे, रेणुका मागे. गाव सुटलं नाही तोच हात थरथरायला लागले. त्यानं एका कडुनिंबाखाली गाडी उभी केली. तानाबाईनं पिशवीतून सुया काढून दिल्या. त्यानं तीन ओळी विणल्या, कपाळ पुसलं, पुन्हा निघाला. खामगाव येईपर्यंत चार वेळा थांबला. दवाखान्यातला नंबर हुकला आणि तिघंही दुपारपर्यंत बाकड्यावर बसून राहिली.

तानाबाईचं मनगट अजून पुरतं वळत नाही. उलटा टाका तिला जमत नाही. काजलला मुलगी झाली. स्वेटर गळ्याला जरा ढगळ होतं, तरी काजलनं ते लेकीला घातलं. भागवत फेब्रुवारीपासून जीप चालवतो, पण सकाळची एकच फेरी, आणि सहाच सवाऱ्या. धडधड गेलेली नाही. काही दिवस किल्ली खिशातच राहते आणि तो अंगणात फेऱ्या मारतो.

गाडी भरेपर्यंत तो स्टँडवर बॉनेटला टेकून विणत असतो. परवा एका प्रवाशानं घाई केली. "चालता का भाऊ, उशीर होऊन राह्यला."

"पाच टाके राह्यले," भागवत मान वर न करता म्हणाला. "मंग निघू."