डाव्या पेटीचं मौन

ऐंशीच्या दशकात काकांनी देवळीच्या घरात स्टिरिओ आणला, तेव्हा संगीत गावात पहिल्यांदाच अवतरलं अशी त्यांची खात्री होती. बैठकीत मधोमध त्यांची आरामखुर्ची, समोर डावीउजवीकडे दोन लाकडी पेट्या. त्या खुर्चीत दुसऱ्या कोणी बसणं म्हणजे देव्हाऱ्यात पाय ठेवणं!

दिवाळीनंतर मात्र डावी पेटी कुजबुजू लागली, आणि दर आठवड्याला आणखी खालच्या पट्टीत. उजवीतली गायिका थेट विहिरीपर्यंत ऐकू जायची. डावीतला तबला जणू तळेगावात वाजत होता.

काकू खुशीत होत्या. त्यांना पहिल्यापासून शिलाई मशीनच हवी होती, आणि दुकानदार बदलून द्यायला तयार होता.

"बाजाराच्या दिवसापर्यंत सुधरलं तं ठीक," त्यांनी निकाल दिला, "नाई तं हे बोचकं वापस करा अन् मशीन घेऊन येजा."

काकांचा चेहरा पोरगी सासरी निघाल्यासारखा झाला. त्यांनी वर्ध्याहून मेकॅनिक बोलावला. त्याने आधी पेट्यांची अदलाबदल केली. उजवी पेटी डावीकडे गेली आणि तिथे जाताच तीही कुजबुजू लागली. मग त्याने यंत्रामागच्या वायरी उलटसुलट केल्या. तरी डावीकडचंच मौन. पेट्या निर्दोष, वायरी निर्दोष, यंत्र निर्दोष!

"काकाजी, याले डावी बाजूच मानवत नाई," विज्ञानाने असं निदान केलं, बॅलन्सचं बटण बरंचसं डावीकडे फिरवलं आणि चहा घेतला. आवाज सारखा झाला. काकांनी त्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली.

बाजाराच्या आदल्या दिवशी खरेदी केंद्रावर जायला बैलबंड्या दारात लागल्या आणि दुपारपर्यंत बैठकीतला कापूस निघाला. काका ऐटीत खुर्चीत बसले, स्टिरिओ लावला, आणि डावी पेटी अशी गरजली की बैल बिचकले.

"आता उजवी मुकी झाली वो!" काकू आतून आनंदाने ओरडल्या.

काकांनी चिकटपट्टी ओरबाडून बटण मध्यावर आणलं. दोन्ही पेट्या एका दमात, एका सुरात. काका रिकाम्या डाव्या भिंतीकडे बघतच राहिले. वेचणी सुरू झाली की तिथे कापसाची गंजी लागायची आणि छतापर्यंत चढायची. डाव्या पेटीचं तोंडच तिने बुजवलं होतं. पण कापूस कोणाला दिसतो? आमच्याकडे तो भिंतीतच जमा. मेकॅनिकने तर त्याला रेलूनच चहा प्यायला होता.

"कापसानं आवाज खाल्ला होता," काका विजयी मुद्रेने म्हणाले. "स्टिरिओ सही हाय!"

"मंग कापूस काय पुढच्या साली येत नाई?" काकू शांतपणे म्हणाल्या. "का आता वावरात रेडिओ पेरता?"

स्टिरिओ राहिला. पुढच्या हंगामात कापूस काकांच्या झोपायच्या खोलीत भरला गेला. काकूंनी आपली गादी स्वयंपाकघराशेजारच्या उबदार खोलीत हलवली आणि काकांची खाट ओसरीत टाकली. ऐन थंडीत, कानटोपी घालून, ते दोन्ही पेट्यांपासून सारख्याच अंतरावर कुडकुडत झोपायचे.