मातीत न गेलेला अंगठा

“कम्प्लीट अॅम्प्युटेशन आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. म्हणजे अंगठा पुरता तुटून वेगळा झालेला. हे मला कशाला सांगायला हवं? कडबा कापायच्या मशीननं तो माझ्या डोळ्यांदेखत तोडला होता.

तो दवाखान्यात पोचला हेच नवल. आमच्याकडे बाळाची नाळ पुरतात, तसाच हाही पुरायचा, असं सासऱ्यांनी ठरवून टाकलं. नवरा माझा हात पंच्यानं बांधत होता, तोवर ते गोठ्यामागे खड्डा खणू लागले.

मी ओरडले, “मामाजी, मेली नाई मी अजून! माहा अंगठा द्या मले!”

“अंगाचा तुकडा उघड्यावर ठेवत नाई, सूनबाई,” ते रडत म्हणाले. माणूस वाईट नाही, पण तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला. शेवटी नवऱ्यानं अंगठा त्यांच्याकडून काढून घेतला.

गावच्या नर्सबाईंनी फोनवर सांगितलं, ते तुम्हीही लक्षात ठेवा. तुकडा स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बांधायचा आणि पिशवी डब्यातल्या बर्फावर ठेवायची. थेट बर्फात टाकला तर मांस मरतं. समुद्रपूरहून सेवाग्रामपर्यंत तो डबा मी मांडीवरून हलू दिला नाही.

मॅडम स्पष्ट बोलल्या. “जोडून बघू, पण हमी नाही. काळा पडला तर काढावा लागेल. नुसती जखम शिवली तर लवकर घरी जाल.”

मी म्हटलं, “जोडा. याच चिमटीनं सरकी मातीत टोबते मी.”

मायक्रोसर्जरी म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्यानं रक्तवाहिन्या शिवणं. नंतर अंगठा जांभळा पडला. व्हीनस कन्जेशन, म्हणजे रक्त आत जातं पण बाहेर येत नाही. सिस्टर टोचून साचलेलं रक्त काढत. भेटायला आलेल्या बाया हळहळत, “गेला वाट्टे.” मी नवऱ्याला म्हटलं, “जे रडून राह्यले, त्याईले बाहेर बसवा.”

एका सकाळी मॅडमनी अंगठ्याचं टोक दाबून सोडलं. गुलाबी रंग परत आला. मग मात्र मीच हमसून हमसून रडले. त्या मॅडमचे आणि सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही.

आता सांधा अर्धाच वळतो, थंडीत ठणकतो. ठणकू दे, माझाच आहे.

घरी आले तेव्हा गोठ्यामागचा खड्डा तसाच होता. मामाजींना तो बुजवायचा धीर झाला नव्हता. हात बरा झाल्यावर त्यांनी फावडं माझ्यापुढे धरलं.

“तूच बुजव, बाई. दोन्ही हातानं.”

दांडा धरला. अंगठा पुरता वळला नाही, पण फावडं सुटलं नाही.